ॲस्पन क्रीकचा नकाशा

ललिताकाकूंनी मला विचारलं तेव्हा मी जिन्यात होते, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी घेऊन. तुमच्या त्या स्टॅटिस्टिक्समध्ये निवडणुकीचं काही असतं का, असा त्यांचा प्रश्न होता. मी हो म्हटलं, कारण असतंच. त्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि दूध माझ्या हातून घेऊन स्वतःच्याच गॅसवर तापायला ठेवलं. लवकर सुटका नाही, हे मला तेव्हाच कळलं.

काकू आणि बाबुरावकाका माझे घरमालक. वारज्यात त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते दोघं राहतात, वर मी. मी मूळची अंबाजोगाईची. एम.एस्सी. झाल्यावर हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी लागली, त्यामुळे रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. काकांनीही आयुष्यभर हेच केलं. हडपसरच्या कारखान्यात नोकरी, स्वारगेटला बस बदलायची. घर हडपसरला का नाही घेतलं, असं मी एकदा विचारलं होतं. "तू का नाही घेतलंस?" एवढंच ते म्हणाले.

त्यांची मुलगी आम्रपाली बारा वर्षांपूर्वी कॅनडात गेली. एका छोट्या गावात फिजिओथेरपिस्ट आहे, आता तिथली नागरिकही झाली आहे. तिला तिथल्या एका पक्षाने फोन करून प्रांताच्या विधानसभेला उभं राहणार का, असं विचारलं होतं. प्रांत म्हणजे आपल्याकडचं राज्य. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. पक्षाचं आणि प्रांताचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि मतदारसंघाचं नावही बदलून ॲस्पन क्रीक केलं आहे, कारण तिथली निवडणूक अजून व्हायची आहे.

"न मागता तिकीट मिळतं का कुठे?" काकू म्हणाल्या. "इथे तिकिटासाठी लोक साहेबांच्या फाटकाबाहेर रात्र काढतात. आणि हिला म्हणे घरबसल्या फोन आला. बळीचा बकरा शोधतायत, दुसरं काय."

माझं काम सोपं होतं. हा पक्ष तिथे कधी जिंकला आहे का, ते शोधायचं. जिंकला नसेल तर काकू आम्रपालीताईला नाही म्हणायला सांगणार होत्या. ती तुमचं ऐकेल का, असं मी विचारलं.

"एरवी नाही ऐकत. यात ऐकेल. तिने बघितलंय."

काय बघितलंय, ते त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, कारण काका बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसले होते. वारजे महापालिकेत आल्यानंतर काही वर्षांनी काका अपक्ष उभे राहिले होते. पाण्याची लाइन आणि गटार, एवढाच जाहीरनामा. निशाणी कपबशी. महिनाभर दोघं कामावरून आल्यावर दारोदार हिंडले. गल्लीतल्या बायकांनी काकूंच्या हातावर हात ठेवून शब्द दिले. मतं पडली चौऱ्याऐंशी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकातल्या हॉटेलात काका गेले, तर कुणीतरी त्यांच्यापुढे मुद्दाम रिकामी कपबशी ठेवली आणि म्हणालं, घ्या, तुमची निशाणी तुमच्यापाशीच राहिली. सगळे हसले. काकाही हसले म्हणे. पण त्यानंतर ते त्या हॉटेलात गेले नाहीत. काही महिन्यांनी चौकातल्या बसस्टॉपवर जायचंही बंद केलं आणि एक स्टॉप मागे चालत जाऊन बस धरायला लागले. आम्रपालीताई तेव्हा सातवीत होती. शाळेत तिलाही पोरं कपबशी म्हणायची.

"हरण्याचं काही नाही गं," काकू म्हणाल्या, "पण नंतरचं घर आम्ही बघितलंय. तिथे तर ती एकटी आहे."

तेव्हा मी कामाला लागले. खरं सांगायचं तर काकूंसाठी सुरुवात केली, पण पहिल्या तासाभरातच मी माझ्यासाठी वाचत होते. मतदारसंघाचा इतिहास म्हणजे आकड्यांचा एक कंटाळवाणा तक्ता असेल, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. ॲस्पन क्रीकमध्ये एक आमदार सलग एकोणीस वर्षं निवडून आला आणि विसाव्या वर्षी स्वतःच्याच पक्षाच्या बैठकीत उमेदवारी हरला. एकदा निकाल नऊ मतांनी लागला, फेरमोजणीत ते अंतर सहावर आलं. तिथे उमेदवार मिरवणूक काढत नाही. तो एकटा किंवा एखाद्या कार्यकर्त्याबरोबर प्रत्येक घराची बेल वाजवतो आणि दारात बर्फ असेल तर बूट झटकून उभा राहतो. फटाके नाहीत, जीपवरचा भोंगा नाही. असल्या शांततेत लोकांना निवडणूक आहे हे कळतं कसं, याचंच मला कुतूहल वाटत राहिलं.

पक्षांची नावं काकूंच्या लक्षात राहीनात, म्हणून आम्ही त्यांना जिंकणारा, हरणारा आणि आपला अशी नावं दिली. बारा निवडणुकांचे निकाल मिळाले. त्यात कधी जिंकणारा हरला आणि हरणारा जिंकला, पण आपला आपल्या जागेवर पक्का होता. दहा वेळा तिसरा, एकदा चौथा, आणि एकदा उमेदवारच मिळाला नव्हता. गेल्या वेळी अकरा टक्के मतं. दर वेळी नवा उमेदवार, एकाच्याही नशिबात दुसरी खेप नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी हे खाली जाऊन सांगितलं. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गवारीच्या शेंगा मोडत होते. काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मग झालं तर. रविवारी सांगते तिला."

मला स्वतःच्या कामाचं समाधान वाटत होतं. बारापैकी शून्य. एवढं स्वच्छ उत्तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतही क्वचित मिळायचं.

"बारा निवडणुका कुठल्या?" काकांनी विचारलं. त्यांचं आमच्या बोलण्याकडे लक्ष आहे, हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं, कारण त्या एकदम गॅसकडे वळल्या.

"ॲस्पन क्रीकच्या," मी म्हटलं.

"ते जागचं हललं नाही कधी?"

मला प्रश्न कळला नाही. काकांनी एक शेंग मोडली, दोरा काढून कागदाच्या कडेला ठेवला.

"आम्ही महापालिकेला पुण्याचे. लोकसभेला बारामतीचे. बारामती इथून शंभर किलोमीटर. प्रभागाचं तर विचारूच नको, दर खेपेला नवा आकडा आणि नवे शेजारी. घर मात्र आम्ही हलवलेलं नाही. हलवलं असलं तर हिला विचार."

"हप्ते फिटेपर्यंत कसलं हलवता," काकू म्हणाल्या.

मी वर आले आणि लॅपटॉप उघडला. बारा निकालांवर एकच नाव होतं, म्हणून ती एकच जागा आहे असं मी धरून चालले होते. नकाशा मी उघडलाच नव्हता. बरणीवरची चिठ्ठी वाचून आत काय आहे ते न बघणाऱ्या विद्यार्थ्याला बी.एस्सी.ला आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम वर्गाबाहेर काढत.

नकाशे मिळाले. तिथे काही वर्षांनी एक आयोग बसतो आणि लोकसंख्येनुसार सीमा नव्याने आखतो. एकावर एक ठेवून पाहिले तर ॲस्पन क्रीक पन्नास वर्षांत सरकत सरकत दक्षिणेला आलं होतं. ज्या ओढ्यावरून त्याला नाव मिळालं, तो ओढा आता शेजारच्या मतदारसंघात होता. उत्तरेकडची मोठी शेतं, जिथे आपल्याला कुणी विचारत नव्हतं, ती पुढच्या निवडणुकीसाठी काढून टाकली होती. त्यांच्या जागी दक्षिणेचं एक वाढतं गाव जोडलं होतं. तिथे नवीन घरं, एक मोठा दवाखाना, बाहेरून आलेली माणसं. आम्रपालीताईचं क्लिनिकही याच गावात. हे गाव आजवर दुसऱ्या मतदारसंघात होतं आणि तिथे आपला पक्ष एकदा जिंकलाही होता.

पुढचं काम कष्टाचं होतं, अवघड नव्हतं. प्रत्येक मतदान केंद्राचा गेल्या वेळचा निकाल उपलब्ध असतो. जी केंद्रं आता नव्या सीमेच्या आत येतात, तेवढ्यांची बेरीज करायची. जिथे सीमा एखाद्या केंद्राला मधोमध कापत होती, तिथे घरांच्या प्रमाणात मतं वाटली. म्हणजे गेली निवडणूक नव्या नकाशावर झाली असती तर काय झालं असतं, हे काढायचं. शनिवारी दुपारी उत्तर आलं. आपला तिसरा नव्हता. दुसरा होता, अठ्ठावीस टक्क्यांवर. जिंकणाऱ्याला पंचेचाळीस.

मी बेरीज पुन्हा केली. तेच आलं.

आता मात्र मी अडचणीत होते. काकूंना हो किंवा नाही हवं होतं, आणि माझ्याकडे होतं ते दोन्ही नव्हतं. पक्षाने ताईला बकरा म्हणून निवडलं नव्हतं. कुणीतरी माझ्यासारखाच नकाशा बघून, दक्षिणेच्या गावात राहणारं आणि तिथल्या शेकडो गुडघ्यांना ओळखणारं माणूस शोधलं होतं. फोन का आला, याचं उत्तर मिळालं होतं. तरी ती बहुधा हरणारच होती.

रविवारी आमच्या संध्याकाळी तिची सकाळ होते. काकूंनी टॅब फ्रीजला टेकवून उभा केला. ताईने आधी जयभीम घातला, मग काकांच्या गुडघ्यांचं विचारलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच का ती आमचं पोस्टमॉर्टेम करणारी?"

मी नकाशा दाखवला आणि सगळं सांगितलं, बाराचा हिशेब आणि तो का चुकीचा होता तेही. ती शांतपणे ऐकत होती. तिच्या मागे खिडकीत उन्हात चमकणारा बर्फ होता.

"म्हणजे जिंकणार का?"

"बहुधा नाही," मी म्हटलं. "सतरा टक्क्यांचं अंतर एका खेपेत सहसा तुटत नाही. पण हे गेल्या वेळच्या माणसांचं गणित आहे. नवीन किती येतील ते यात नाही."

"बघ," काकू ताईला म्हणाल्या. "ही शिकलेली मुलगी सांगते आहे. नाही म्हणून टाक. तुला कशाला हवं ते? लोक दोन दिवस गोड बोलतील, मग…"

त्या थांबल्या. काका नेहमीप्रमाणे मोरीच्या दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर हे वाक्य पूर्ण करायची या घरात पद्धत नव्हती. ताईही खाली बघत होती. मला वाटलं, 'बरं, नाही म्हणून टाकते' असं ती आता म्हणेल आणि विषय संपेल. टॅबवर तिचा चेहरा क्षणभर अडकला आणि पुन्हा हलू लागला.

"मला चौऱ्याऐंशी पडली होती," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा आकडा त्यांच्या तोंडून मी तर पहिल्यांदा ऐकत होते, पण काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याही फार वर्षांनी ऐकत होत्या.

"आपली भावकी, कारखान्यातले, हिच्या मैत्रिणी. सगळे धरले तरी पन्नास-पंचावन्न होतात. मी मनातल्या मनात पुष्कळदा मोजलंय. उरलेली तीसेक कुणाची? ओळख नाही, देणंघेणं नाही, आणि तरी गटारासाठी कपबशीवर शिक्का मारून आली. त्यांना शोधायला हवं होतं मी. मी आपला एक स्टॉप मागे चालत गेलो."

"बाबा," ताई म्हणाली.

"तुला अठ्ठावीस टक्के आयते दिलेत. ते कोण आहेत, ते जाऊन बघ. मग उभी राहा नाहीतर बस."

ताईने डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, ती उभी राहणार आहे. आई रागावली तरी.

काकूंनी पदराने टॅबची काच पुसली, जणू धूळ तिथेच होती.

"रागवायला मी कोण? पण एक अट. हरलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जायचं. त्याच दुकानात, त्याच रस्त्याने. कुणी काही बोललं तर उभं राहून ऐकायचं आणि भाजी घेऊनच परत यायचं. कबूल?"

"तिथे भाजी एका मोठ्या दुकानात मिळते, आई. कुणी कुणाशी बोलत नाही."

"मग तूच बोल."

"कबूल."

फोन बंद झाल्यावर मी लॅपटॉप मिटायला लागले, तर काकूंनी हात धरला. तो नकाशा त्यांना पुन्हा बघायचा होता. चष्मा लावून त्या स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या आणि नव्या सीमेवरून बोट फिरवू लागल्या. वर एका कोपऱ्यात, शेतांच्या मधोमध, एक मतदान केंद्र होतं. चारही बाजूंना जिंकणाऱ्याचा रंग आणि मध्ये हे एकटं आपलं.

"इथे आपल्याला कोण मत देतं गं?"

मला माहीत नव्हतं. माहिती काढते म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, मला ती खरंच हवी होती. तिथे एखादी शाळा असेल, जुना कारखाना असेल, किंवा कुणीतरी बूट झटकून कधीकाळी त्या प्रत्येक दारात उभं राहिलेलं असेल.

काका उठले होते. चपला घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. या वेळी कुठे निघालात, असं काकूंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"चौकात. चहा घेऊन येतो."

"घरात दूध आहे की."

"असू दे," काका म्हणाले.