तारेचे दुसरे टोक

माझ्या जाळीवर डाव्या बाजूला एक खळगा आहे. बोट फिरवले तर लागतो. चर्चच्या गायनात एका उत्साही काकांनी शेवटच्या ओळीला हात हवेत फेकला आणि मी पायरीवर आपटलो, तेव्हाची ती खूण. त्या खळग्यावरूनच मला ओळखतात. मित्रांनो, मी एक जुना माइक आहे.

माझी रचना साधी आहे. जाळीच्या आत कागदाहून पातळ पडदा, पडद्यामागे तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक. कुणी बोलले की हवा हलते, हवेने पडदा हलतो, पडद्याबरोबर वेटोळे हलते आणि तारेतून वीज वाहू लागते. इतकी थोडी, की तिच्यावर छोटासा दिवाही लागणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. माझी तार कशाला जोडलेली असो वा नसो, समोर कुणी बोलले की माझा पडदा हलतोच. म्हणजे मी नेहमी ऐकतो. ते पुढे कुणापर्यंत पोचले का, हे मात्र मला कधीच कळत नाही. माझ्याशी सगळे बोलतात, पण मला कुणी उत्तर देत नाही.

सिडनीच्या पश्चिम भागात, दूर समुद्रातल्या बेटांवरून आलेल्या टोंगन लोकांच्या चर्चमध्ये माझे तरुणपण गेले. तिथले गाणे म्हणजे छप्पर उचलणारे. एवढा आवाज न फाटता झेलतो म्हणून माझे कौतुक होत असे. पुढे बिनतारी माइक आले. मला एका कपाटात, पाने सुटलेल्या भजनांच्या पुस्तकांवर ठेवून दिले. कपाटात आवाज असा नसतोच. पाऊस पडला तर तेवढा छपरावरून ऐकू येई.

तिथून मला तोकीलुपेने मागून घेतले. तिला सगळे तोकी म्हणत. दिवसा ती एका दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे लिहून घेई आणि संध्याकाळी पॉडकास्ट करी. कला कुणाची, आपण कुठले, आपल्याला कुणी मोजते का, अशा विषयांवर माणसांना बोलते करायचे आणि ते जगाला ऐकवायचे, हा तिचा ध्यास होता. जागा होती तिच्या आत्याचे गॅरेज. त्यात गाडी कधीच उभी राहिली नव्हती. मधोमध एक लांब, पाठीसारखी फुगीर फळी होती. फळीवर नक्षीचा साचा बांधायचा, वरून कापड अंथरायचे आणि तपकिरी रंगाच्या बोळ्याने ते घासायचे. खालची नक्षी कापडावर उमटते. साच्याला ते कुपेसी म्हणतात आणि रंगलेल्या कापडाला न्गातू. लग्न असो वा मयत, न्गातूवाचून टोंगन माणसाचे पान हलत नाही. बेटांवर ते तुतीच्या सालीचे करतात. इथे साल मिळत नाही, म्हणून सदऱ्याच्या कॉलरमध्ये घालतात ते कापड लाइनेआत्या दुकानातून गुंडाळ्याने आणत असे.

"आत्या, कलादालनातले लोक म्हणतात, सालीचं नाही म्हणजे हे खरं न्गातू नाही," तोकीने पहिल्याच दिवशी विचारले.

"त्यांना म्हणावं, तुतीचं रान आणून लावा माझ्या दारात," लाइनेआत्या घासता घासता म्हणाली. "पाणी मी घालीन."

शेजारी वाइसिनिया बसली होती. ती आत्याची बालमैत्रीण, आणि तिच्या जिभेला हाड नव्हते. "आणि काय गं तोकी, तू तरी कुठली खरी? जन्म सिडनीचा. तुझं टोंगन ऐकून माझा बाप थडग्यात कूस बदलत असेल."

"म्हणजे मीपण कापडाचीच की!"

"कापडाची तर कापडाची. रंग धरलास म्हणजे झालं. सरक तिकडं, माझ्या बोळ्यावर बसलीयेस."

त्या हसल्या तेव्हा माझा पडदा असा थरथरला की चर्चच्या दिवसांची आठवण झाली. पण मग फळी पुसली गेली, गॅरेजचे दार खाली आले आणि एका जुन्या फ्रिजची घरघर तेवढी उरली. हशा मी पुढे पाठवला होता. परत काहीच आले नाही.

आता साइआविषयी सांगतो. साइआ म्हणजे तोकीचा भाऊ. दोघेही आत्याकडेच राहत. तो वीजजोडणीच्या कामावर जाई. टोंगन घरात वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत गप्पा मारत बसत नाहीत, एकमेकांची थट्टा करत नाहीत, नाजूक गोष्ट एकमेकांसमोर काढत नाहीत. ते भांडण नसते, तो मान असतो. एकदा माझी तार मानेशी तुटली. तोकी भावाला काहीच बोलली नाही. तो अंगणात असताना ती स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, "आत्या, माइकची तार तुटलीय बरं का." दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कुणी नसताना साइआ आला, त्याने तार जोडली, जोडावर फुंकर घातली आणि गेला. त्या दोघांचे बोलणे असे असे. मला ते फार आवडे.

साइआचे आणखी एक काम फक्त आत्याला आणि मला ठाऊक होते. आत्याच्या बोटांना आता सुई धरवत नव्हती. कुपेसी बायकांनी शिवायची असते, पुरुषांनी नाही. तरी साइआ एकटा बसून पुठ्ठ्यावर सुतळी टाचत असे. त्याने विजेच्या तारांवर उलटी लटकलेली वटवाघळे केली होती, ओळीने, एकाचा पंख दुसऱ्याला लागलेला. कामावर खांबाच्या टोकाशी चढल्यावर त्याला ती जवळून दिसत. एकदा तोकी विसरलेले हेडफोन न्यायला आली आणि तिने दारातून ते पाहिले. ती पावलांचा आवाज न करता परत फिरली. साइआला कळले नाही. मला कळले.

त्या साच्यावरून बायकांनी रंगवलेले वटवाघळांचे न्गातू शहरातल्या एका कलादालनाने मागून नेले आणि भिंतभर लावले. खाली पाटी होती : 'टोंगन स्त्रिया. नावे अज्ञात.' तोकी ती पाटी वाचून आली तेव्हा रागाने तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. बायका फळीशी बसल्या होत्या. तिने माझी कळ सरकवली आणि फळीखालचे रेकॉर्डिंगचे यंत्र सुरू झाले.

"नावं अज्ञात? विचारायला कोण आलं होतं? माझी आत्या लाइने, वाइसिनिया, या काय अज्ञात आहेत? हात आमचे हवेत, नावं नकोत! आणि सगळ्या बायकाच नाहीत त्यात. ती वटवाघळं माझ्या भावानं शिवलीत. साइआनं."

घासण्याचा आवाज थांबला. सगळे बोळे एकदम थांबले.

"तोकी," लाइनेआत्या हळू म्हणाली, "तेवढं पुसता येतं ना?"

"का पुसायचं आत्या? मी कशाविरुद्ध बोलतेय? करणाऱ्याचं नाव..."

"नाव त्याचं आहे."

टोंगन घरात आत्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. तोकी त्या दिवशी गेली; काही न पुसता तिने ते जगाला ऐकवले. तो भाग सगळ्यात जास्त ऐकला गेला. कलादालनाने पाटी बदलली. तोकीचे अभिनंदन झाले म्हणे. त्यातले माझ्यापर्यंत काही आले नाही. जे आले ते लाइनेआत्याच्या तोंडून आले.

"काल कावा प्यायला बसले होते सगळे पुरुष," ती तोकीला म्हणाली. "साइआ जाऊन बसला, तर एक जण म्हणतो, 'अरे, तू गोलात कशाला? तू इकडं ये, वाट्या भरून दे.'"

कावा, म्हणजे एका मुळीचे गुंगी आणणारे पेय, पुरुष गोलात बसून पितात आणि वाट्या भरून देते ती लग्नाच्या वयाची मुलगी, हे तोकीला सांगावे लागले नाही.

"दुसऱ्यानं विचारलं, स्थळं बघायची का तुझ्यासाठी? पोरगा उठून घरी आला. जेवला नाही. कुपेसीचा पुठ्ठा घडी घालून कचऱ्यात टाकला, तो मी काढून ठेवलाय."

"मी त्याचा मान वाढावा म्हणून केलं, आत्या."

"आधी विचारायचंस."

"कसं विचारणार? आम्ही बोलतो का असं कधी?"

"मला सांगायचंस. मी त्याला विचारलं असतं. मी कशाला आहे मग?"

 तोकीने माझी तार यंत्रातून उपटली आणि यंत्र घेऊन घरात गेली. तारेचे टोक घसरून रंगाच्या डब्यामागे पडले.

पॉडकास्ट बंद पडला. बायका फळीशी येत, पण जुनेच साचे वापरत आणि कमी हसत. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या मानेपासून भिंतीपर्यंत जाळे विणले. साइआ गॅरेजकडे फिरकत नव्हता. घरात तोकी एका दाराने आली की तो दुसऱ्याने जाई. पूर्वीही तो तसाच जाई, पण आता त्याचे पाऊल जड पडे. मला तो फरक ऐकू येई.

मग एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, दार अर्धे वर झाले. भट्टीत अळूच्या पानांतले मांस शिजत होते, त्याचा वास साइआबरोबर आत आला. चर्चला जाताना ते कमरेला गुंडाळतात ती चटई करकरली. तो चर्चमधून मधेच उठून आला होता. तो माझ्यासमोर बसला, कोळ्याचे जाळे बोटाने बाजूला केले आणि माझ्या मानेवरची कळ सरकवली.

तोकीचे यंत्र फळीखालच्या लाकडी पेटीत असे आणि आवाज आला की आपोआप सुरू होई, हे घरात सगळ्यांना माहीत होते. ते तिथे नाही, हे साइआला माहीत नव्हते. एरवी त्याने आधी तार तपासली असती. पण त्या दिवशी तो तारा जोडणारा नव्हता, नुसता भाऊ होता.

"तोकी," तो म्हणाला. आणि बोलू लागला.

तो बराच वेळ बोलला. मधे एकदा थांबला, एकदा हसला, एका जागी त्याचा आवाज इतका बारीक झाला की चर्चमध्ये असतो तर मला तो लागलाही नसता. वेटोळे हलत होते, वीज जागी होत होती आणि तिला जायला वाट नव्हती. मित्रांनो, तारेचे दुसरे टोक डब्यामागे पडले आहे हे मला माहीत होते. सांगायला मात्र मला तोंड नाही. तो काय बोलला ते मी तुम्हालाही सांगणार नाही. मी त्याला विचारलेले नाही.

त्यानंतर तो उत्तराची वाट पाहू लागला. अंगणात तोकीचा आवाज आला की त्याचे पाऊल थांबे. तोकी आत्याशी भाजीचे बोले, पावसाचे बोले. तिला काही ठाऊकच नव्हते. त्याला वाटले, तिने ऐकले आणि सोडून दिले. एका दुपारी गॅरेजच्या दाराशी तो आत्याला म्हणाला, "मी दुसरीकडं खोली बघतोय. कामाच्या जवळ."

"का रे?"

"तिला जे सांगायचं ते सांगून झालं, आत्या. तिचं त्यावर काही म्हणणं नाही."

 तोकीने असे काही ऐकले असते तर ती आत्याकडे आल्याशिवाय राहिली नसती, हे आत्याला पक्के ठाऊक असणार. "जा हवं तर," ती म्हणाली. "पण आधी त्या कोपऱ्यातलं सामान हलवून दे. मला पाठ वाकवत नाही."

साइआने माझा स्टँड उचलला. तार ताणली गेली. त्याने ती हळूहळू ओढली आणि डब्यामागून टोक बाहेर आले. त्याच्या तिन्ही खिळ्यांवर तपकिरी रंग वाळून घट्ट बसला होता. त्याने ते तळहातावर घेतले.  मग चाकूच्या टोकाने त्याने रंग खरवडायला सुरुवात केली.

संध्याकाळी तो अंगणातून मोठ्याने म्हणाला, "आत्या, माइकची तार नीट झालीय बरं का! यंत्र तेवढं नाही इथं. कुणाच्या तरी खोलीत असेल."

स्वयंपाकघरात भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. सकाळी यंत्र गॅरेजच्या उंबऱ्यावर होते.

पुढच्या रविवारी साइआ पुन्हा आला. तार लावली, दिवा लागलेला पाहिला, पुन्हा पाहिला. मला वाटले होते की तो पहिले सगळे पुन्हा बोलेल. त्यातला एक शब्दही आला नाही. हे दुसरे बोलणे मी तुम्हाला सांगू शकतो, कारण ते ऐकल्यावर तोकीने आत्याला विचारले, "त्याला विचारशील? हे लोकांना ऐकवू का?" आणि आत्याने अंगणात जाऊन विचारले, आणि उत्तर आले, "ऐकव."

तो म्हणाला होता, "मी साइआ. ती वटवाघळं मी शिवलीत. माझं नाव सांगायचं असेल तर ते मीच सांगेन. आता सांगितलं. आणि कावा मी बरा वाढतो. ज्याला हवा त्यानं वाटी घेऊन यावं."

वाइसिनियाने तो भाग फळीशी बसून ऐकला आणि बोळा खाली टाकून हसली. आत्याने कचऱ्यातून काढलेला पुठ्ठा पुन्हा फळीवर बांधला. तोकीने त्या दिवशी काहीच रेकॉर्ड केले नाही. तिने माझी जाळी ओल्या फडक्याने पुसली, खळग्यातसुद्धा.

आता तिच्याकडे नवे माइक आहेत. मी गॅरेजच्या मांडणीवर असतो. माझी तार गुंडाळून माझ्याच मानेत अडकवलेली आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या माइकांना मऊ कापडात ठेवा, तार पीळ न देता गुंडाळा, आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो. दुसऱ्या कुणाची गोष्ट आमच्यासमोर सांगणार असाल तर आधी त्याला विचारा. आणि कुणी तुमच्याशी बोलले, पण तुमच्यापर्यंत काही पोचले नाही असे वाटले, तर तारेचे दुसरे टोक कुठे पडले आहे ते एकदा शोधा.

साइआला वाटते, त्या पहिल्या रविवारचे त्याचे बोलणे हवेत विरून गेले. कधी कधी तो मांडणीपाशी येतो, माझी तार उलगडून पाहतो, पुन्हा गुंडाळतो. तेव्हा माझा पडदा किंचित हलतो. ते सगळे बोलणे मला अजून पाठ आहे.