पाणी बांधणारे बाबा

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पाणीबाबांनी पेल्यातल्या पाण्यात पुडीतली पांढरी भुकटी टाकली, चमचा फिरवत पाच मिनिटं मंत्र पुटपुटले आणि पेला थेट माझ्या आईच्या डोक्यावर उलटा धरला. थेंबही सांडला नाही.

"पाणी बांधलं, तशी रक्तातली साखरही बांधली," बाबा म्हणाले. "उद्यापासून गोळ्या बंद. ही पुडी रोज कोरडीच गिळायची. वर पाण्याचा घोट घेतलात, तर बंधन सुटेल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मूठभर पुड्या घेऊन आई आमच्याजवळ येऊन बसली. वर्षापूर्वी मधुमेहाच्या गोळ्या चुकवल्या तेव्हा ती भोवळ येऊन न्हाणीघरात पडली होती. पण बाबांपुढे लेकीचं कोण ऐकतं?

शेजारी आत्या होती. बारा वर्षं ती आइस्क्रीमच्या कारखान्यात मिश्रण ढवळते. तिने आईच्या हातातली एक पुडी फोडली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि गालातल्या गालात हसली.

"भुकटी साखरेत मिसळलीय," ती म्हणाली. "आम्हीही असंच करतो, नाहीतर गुठळ्या होतात."

मग ती उठली आणि सरळ व्यासपीठावर गेली. "बाबा, मला जमतंय का बघते."

"त्याला बारा वर्षांचं तप लागतं, बाई."

"झालंय की. कारखान्यातल्या पहिल्या पाळीत."

लोक हसले. आता बाबांना नाही म्हणता येईना. आत्याने नव्या पेल्यात पुडी ओतली आणि ढवळत गंभीर आवाज लावला, "माननीय व्यवस्थापक यांस, माझी दाढ दुखत असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती." अर्ज तिने पाच मिनिटं घोळवून घोळवून म्हटला. मग पेला बाबांच्या डोक्यावर उलटा केला. बाबा खुर्चीसकट मागे सरकले. पेल्यातलं पाणी मात्र जागचं हललं नाही.

"हा गवारीच्या बियांचा डिंक," आत्या म्हणाली. "पाणी पिऊन फुगतो. मंत्र म्हणजे फुगेपर्यंतचा टाइमपास. आइस्क्रीममध्ये, सॉसमध्ये हा चिमूटभर असतो, त्यात वाईट काही नाही. भरपूर पाण्यातून घेतला तर जेवणानंतरची साखर जरा हळू चढते, पण म्हणून गोळी सोडायची नसते. आणि कोरडा गिळलात, तर हा घशातच फुगून बसेल."

"नास्तिकांचे आरोप," बाबा गुरगुरले.

"मग तुम्हीच एक पुडी कोरडी गिळा की."

"आज माझा उपवास आहे."

सभागृहात खसखस पिकली. आई मात्र हसली नाही. उरलेल्या पुड्या तिने बाबांच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

"साखर बांधतो म्हणालास," ती शांतपणे म्हणाली, "आणि मला साखरच चारत होतास?"

त्या रात्री जेवताना तिने गोळी घेतली, भांडंभर पाण्याबरोबर. मला रडू आलं. म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यात घातलंय काय, आणि हेच दुसऱ्या कुणी केलं तर होईल का? उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध सोडू नका.