वाकलेल्या गुडघ्याचा अर्थ

ग्रंथपालबाईंच्या उजव्या गुडघ्यात ऐन वळणावर एक कळ पाखरासारखी फडफडत असे. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत त्या आपल्या भोवरा नावाच्या कुत्र्याला धावत वाट दाखवीत. त्याला शब्दांपेक्षा त्यांचे शरीर वाचता येई : खांदा फिरला की बोगदा, गुडघा वाकला की उडी. अंतिम फेरी पंधरा दिवसांवर आली होती आणि धावण्याची परवानगी फिजिओथेरपिस्ट भावजयीच्या हाती होती. नात्याने धाकटी, दवाखान्यात मात्र सासूच्या वरताण.

"वन्सं, महिनाभर व्यायाम केलात ना?"

"अगदी न चुकता."

खरे तर रोज सकाळी त्या भोवऱ्याचे स्नायू प्रेमाने सैल करीत आणि स्वतःचे दैवावर सोपवीत.

"मग दाखवा. पाय पुढे, गुडघा खाली."

बाईंनी पाऊल टाकले. कोपऱ्यातला भोवरा विजेसारखा उठला, वाकलेल्या मांडीवरून झेपावला आणि टॉवेलांच्या ढिगात उतरला.

भावजयीने हसू दाबले. "महिनाभर रोज हे पाहिलं असतं, तर एव्हाना कंटाळला असता तो. तुमच्याच साक्षीदारानं बिंग फोडलं की!"

"अगं, उत्साही आहे तो."

"असू दे. तुम्ही वाकाल आणि हा जांभई देईल, त्या दिवशी परवानगी."

बाईंनी कंबर कसली. पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या अरुंद वाटेत, दात घासताना, फोनवर बोलताना त्या दहा-दहा वेळा वाकत राहिल्या. भोवरा आधी उड्या मारी. मग नुसता मान वर करी. बाराव्या दिवशी दवाखान्यात त्याने अशी पाल्हाळिक जांभई दिली की भावजयीला त्याच्या दाढा दिसल्या. तिने गुडघाही दाबून, वळवून पाहिला. तो खरोखरच खंबीर झाला होता.

"धावा," ती म्हणाली.

अंतिम फेरीची शिटी वाजली. पहिल्या वळणावर गुडघ्याने हूं की चूं केले नाही. पुढे सर्वांत उंच अडथळा होता. बाईंनी आयुष्यातले सर्वांत डौलदार पाऊल पुढे टाकले आणि गुडघा वाकवला.

भोवऱ्याने एकवार पाहिले. हे त्याला तोंडपाठ होते : बाई आता आणखी नऊ वेळा असेच करणार. आडव्या दांडीच्या सावलीत अंग पसरून तो समंजसपणे वाट पाहू लागला.

"अरे ऊठ, गाढवा! ही उडी आहे, उडी!"

दोरीपलीकडून भावजय ओरडली, "वन्सं, मांडी अगदी बरोबर हं! फक्त पाठ ताठ ठेवा!"