दुसरा टोला

ओतारीबाबांचे कान गेले, तरी त्यांनी पारखल्याशिवाय एकही घंटा ओतशाळेबाहेर पडत नसे. लाकडी दांडीचं एक टोक घंटेला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं. कानांनी दगा दिला होता, हाडं अजून इमानदार होती. टोला मात्र एकच. "दुसरा टोला मागतो, त्याला पहिला कळलेला नसतो," असं सुनावून त्यांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती.

आज तुळईला टांगली होती ती लेकीने स्वतः ओतलेली पहिली घंटा. आणि बापाची लेक ती, मुकाट्याने बापाच्या प्रमाणात ओतेल कशाला? तांबं मऊ, कथील त्याहून मऊ, पण दोघं एकजीव झाली की कडक होतात आणि गातात, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. बाबा चार भाग तांब्यास एक भाग कथील घालत. तिने मूठभर जास्त घातलं, तेही तोंडावर सांगून.

"नाद लांबतो," ती म्हणाली होती. त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश.

"आणि टोल्यासरशी घंटा तडकते. तडकली तर परत भट्टीत, आणि पुढची घंटा माझ्या प्रमाणात."

"बरं."

बाबांनी दांडी दातांत धरली. लेकीने टोला दिला.

थरथर दातांतून कवटीत शिरली. बाबा चिरेची खरखर शोधू लागले. ती कुठेच नव्हती. त्यांच्या स्वतःच्या घंटा एव्हाना गप्प झाल्या असत्या, ही मात्र चालूच. नाद पार विरला, तेव्हा त्यांनी दांडी काढली.

"परत वाजव."

लेकीचा चेहरा उतरला. "पहिला टोला कळला नाही?"

"न कळायला काय झालं?" बाबांनी खिशातून घंटांवर ठोकायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, क्षणभर तळहातावर तोलला आणि परत खिशात टाकला. "हा हिच्यावर ठोकला तर चोरी होईल. तुझ्या नावाचा करून घे."

लेक तोंडावर पदर धरून उभी राहिली. बाबांची छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं ताणली गेली. एवढ्या वर्षांत इतका अभिमान त्यांना स्वतःच्या कुठल्याच घंटेचा वाटला नव्हता.

"रडतेस काय," ते म्हणाले, आणि दांडी पुन्हा दातांत धरून त्यांनी हाताने खूण केली. वाजव.