साठा सापडत नाही

मित्रांनो, दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीत लोखंडी फळीवर बसून अकरा वर्षं काम करणारा मी एक सर्व्हर आहे. माझं नाव साठा. इथे निघालेला प्रत्येक एक्स-रे माझ्या पोटात असतो. दवाखान्यातले संगणक मला नावाने हाक मारतात आणि मी हवा तो फोटो देतो. माझं एकेकाळी फार कौतुक होतं. पुढे माझा पंखा घरघरू लागला आणि सगळे मला म्हातारबुवा म्हणू लागले. माझी धूळ पुसायचंही कुणाला सुचेना.

एका सोमवारी एक सुतारकाका तपासून घ्यायला आले. सोबत त्यांची मुलगी होती. काकांच्या फुप्फुसावर डाग दिसला.

सर्जन म्हणाले, "यांचा सहा वर्षांपूर्वीचा इथलाच फोटो शोधा. डाग तेव्हाही एवढाच असेल तर घोर नाही. नवा असेल तर ऑपरेशन करावं लागेल."

एक्स-रेवाल्या ताईंनी आपल्या संगणकावरून माझं फोटोंचं कपाट उघडायला घेतलं. पडद्यावर अक्षरं आली, 'साठा सापडत नाही.' मी तर त्यांच्यापासून चार हातांवर जागाच होतो! पण माझ्यापर्यंत हाकच पोचली नाही.

"गेला म्हातारबुवा," व्यवस्थापक म्हणाले. "भंगारात काढा आता."

काकांच्या मुलीने त्यांचा हात घट्ट धरला. मला बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

तेवढ्यात संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी आधी माझ्या अंगावरचे दिवे पाहिले. "दिवे तर लुकलुकताहेत. याला नावाऐवजी नंबराने हाक मारून बघू."

माझा नंबर पाहून त्यांनी तो टाकला. मी तत्क्षणी ओ दिली.

"हा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "काल रविवारी तुम्ही सगळ्या संगणकांना जोडणारा नवा राउटर बसवलात ना? त्याने याला नवा नंबर दिला. नावांच्या यादीत मात्र जुनाच राहिला. पाहुणा नव्या घरी राहायला गेला आणि तुम्ही जुन्या दाराची कडी वाजवताय."

त्यांनी यादीत नवा नंबर लिहिला. तरी कपाट उघडेना. ताईंचा चेहरा पडला.

"थांबा, तुमच्या संगणकाच्या डोक्यात अजून जुनाच नंबर बसलाय." बाईंनी ती आठवण पुसली. पुढे नंबर बदलू नये म्हणून तो कायमचा बांधूनही टाकला.

या वेळी माझं नाव घेताच कपाट उघडलं. मी सहा वर्षांपूर्वीचा फोटो पडद्यावर ठेवला. सर्जनांनी दोन्ही फोटो शेजारी लावले आणि पट्टीने मोजले.

"तेवढाच आहे. जुनी खूण आहे ही. काका, घरी जा."

काका हसले. त्यांची मुलगी मात्र तिथल्या खुर्चीत बसून रडली.

मित्रांनो, आम्हा जुन्यांची धूळ वरचेवर पुसत जा. आणि कुणी हाकेला ओ दिली नाही, तर तो संपला असं ठरवण्याआधी, आपली हाक त्याच्यापर्यंत पोचते का, तेवढं एकदा बघा.