टाचेची सवय

वाऱ्यामुळे प्रशिक्षक नुसरतने स्कीची परीक्षा दोनदा पुढे ढकलली. तेवढ्या वेळात असद मागरेने स्कीच्या बुटांचे पट्टे तीनदा सोडले आणि तीनदा आवळले. वर्गातली बाकीची पोरं, अठरा-वीस वर्षांची, बर्फात बूड टेकून अक्रोड फोडत बसली होती. असदला बसवत नव्हतं. जड बुटांनी तो दहा पावलं जायचा, दहा पावलं परत यायचा.

"असदभाई, बसा हो जरा," नुसरत म्हणाली. "तुम्हाला बघून मलाच धाप लागते."

"मॅडम, मार्चात मला पस्तीस पुरी होतात. बसून कसं चालेल?"

ती त्याच्याच गावची, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. गावात तो तिला नुसतं नुसरत म्हणायचा, उतारावर मॅडम. पस्तिशीनंतर या वर्गात कुणाला घेत नाहीत. आज पास झाला तर पुढच्या हिवाळ्यात शिकवणाऱ्यांच्या यादीत नाव लागणार, नाहीतर पुन्हा पर्यटकांना बसवून ओढायच्या स्लेजची दोरी. दोरीचीही त्याला लाज नव्हती. पण दोन हिवाळे झाले, चढ लागला की उजवा गुडघा आतून वाजायचा, आणि आता तर स्लेजवर बसलेलं गिऱ्हाईकच विचारायचं, "भैया, काय मोडलं?"

त्याची अडचण अख्ख्या गुलमर्गला ठाऊक होती. स्लेज उतारावर सुटली की गिऱ्हाईकाच्या पुढे बसलेला स्लेजवाला मागे रेलतो आणि दोन्ही टाचा बर्फात रोवतो. असदने हे सतरा वर्षं केलं होतं. स्कीवर सगळं उलटं. अंग दरीकडे झुकवायचं, भार नडगीवर घ्यायचा. मागे रेललात की स्कीच्या पाट्या पुढे पळतात आणि माणूस खाली बसतो. सकाळच्या पहिल्या फेरीत तो तिसऱ्या झेंड्यापाशी बसला, तेव्हा खाली स्लेज लावून उभा असलेला रमजानकाक ओरडला होता, "अरे असद, मागे कुणाला घेतलंयस? आम्हाला तर कुणी दिसत नाही!"

फेऱ्या दोनच मिळतात.

दुपारी वारा पडला आणि त्याच्या जागी ढग उतरला. बर्फ कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. नुसरत म्हणाली, "पुढचा झेंडा दिसतोय, म्हणून सोडते. ज्याला थांबायचंय त्याने थांबावं."

पोरं थांबली. असद निघाला.

आणि नवल झालं. टाचा रुतल्याच नाहीत. पहिला झेंडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की भीती डोळ्यांत होती. उतार दिसला की डोळे टाचेला सांगायचे. आज दिसतच नव्हता, तर सांगणार काय? पाचव्या, शेवटच्या झेंड्यापाशी ढग फाटला. खाली सगळं लखलखीत उघडं पडलं, पायथ्याच्या तंगमर्गमधल्या छपरांच्या पत्र्यांपर्यंत. त्याचं अंग मागे ओढलं गेलं, तशी त्याने डोळे गच्च मिटले, मनात तीन मोजले आणि वळला. डोळे उघडले तेव्हा तो शेवटच्या रेषेच्या हातभर पुढे, दोन पायांवर उभा होता.

"शाब्बास!" नुसरत वहीत लिहीत म्हणाली. "शेवटचा झेंडा जरा जवळून घेतलात. नीट दिसला ना?"

त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता.

"दिसला," असद म्हणाला.

रमजानकाकाने त्याला मिठी मारली, आपल्या फेरनाच्या सैल झग्यातली निखाऱ्यांची कांगडी काढून त्याच्या हातात दिली. "आता तुला साहेब म्हणायचं की काय? घे, चहा घे, साहेब."

चहा नेहमीसारखा खारट आणि कढत होता. असदने दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. समोरच्या उतारावर वर्गातलं एक पोर सात-आठ वर्षांच्या मुलीला पुढे घालून खाली येत होतं. मुलगी दर वळणाला मागे वळून पाहत होती, हा आहे ना म्हणून.

"काय रे, जास्त खारट झाला का चहा?" रमजानकाकाने विचारलं.

"नाही, काक."

उरलेल्या पोरांच्या फेऱ्या आटोपून नुसरत झेंडे उपटत वर चालली होती. असद तिच्यामागे भराभर चढला. गुडघा वाजला.

"मॅडम. तो झेंडा मला दिसला नाही. मी डोळे मिटले होते."

ती थांबली. काखेत झेंडे, हातात वही. मग त्याच्याकडे वळली.

"उद्या तुमच्यापुढे कुणाचं लेकरू असलं तर? तेव्हाही मिटाल?"

"म्हणूनच सांगायला आलो."

"हे मला मघाशी सांगायचं होतंत." तिने वहीतली ओळ खोडली. "ढगातली फेरी मला रद्द करून पुन्हा घेता येते. तेवढंच माझ्या हातात आहे. लिफ्ट अजून पंधरा मिनिटं चालू आहे. झेंडे परत लावते. पण आता आभाळ मोकळं आहे, असदभाई."

"दिसतंय."

वरून त्याला सगळं दिसलं. झेंडे, स्लेजा, रेषेजवळ उभी नुसरत. टाचा जागच्या जागी कुरकुरत होत्या. त्याने नडग्या बुटांवर दाबल्या आणि सोडलं. तिसऱ्या झेंड्याला अंग मागे गेलं, त्याने शिवी हासडून ते पुढे आणलं. चौथ्याला पाट्या एकमेकींवर आपटल्या. पाचव्याला वळण इतकं रुंद झालं की रमजानकाकाने घाईघाईने स्लेज बाजूला ओढली. पण असद बसला नाही, आणि रेषेवर थांबला तेव्हा गॉगल कपाळावर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"फार वाईट होतं," नुसरत म्हणाली.

"हो."

"दिसला?"

"प्रत्येक झेंडा."

तिने खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ लिहिली आणि वही त्याच्यापुढे धरली. पास. शेवटून दुसरा नंबर.

लिफ्ट एव्हाना बंद झाली होती. असदने मान हलवली, पाट्या काढून खांद्यावर घेतल्या आणि पायीच वर चढायला लागला.

"आता कुठे?" रमजानकाक ओरडला.

"चौथा झेंडा," असद मागे न पाहता म्हणाला. "तो अजून जमला नाही."