ऐंशी वेढे

सासूबाईंची डावी बाजू गेली त्याला दीड वर्ष झालं. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि त्या जिभेपुढे धडधाकट माणसांचंही काही चालत नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. घरातल्या कुणाचंही उत्तर त्यांना आजवर पहिल्या फटक्यात बरोबर वाटलेलं नाही.

सतत पडून पडून त्यांच्या कंबरेजवळ जखम व्हायला लागली, तेव्हा माझ्या धाकट्या नणंदेनं हवेची गादी आणून दिली. नणंद शहरात नर्स आहे. त्या गादीला एक छोटा पंप असतो; तो गादीचे कप्पे आळीपाळीनं भरतो आणि रिकामे करतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी पडत नाही. पंप थांबला की तासाभरात गादी बसते. आणि आमचं घर टेकाडावर, विजेच्या तारेच्या अगदी शेवटी. दिवसातून आठ-आठ तास वीज नसते. इन्व्हर्टर आणून पाहिला, तर वीज असतानाही तिचा दाब इतका कमी, की त्याची बॅटरीच भरेना.

महिन्यापूर्वी नणंद आली, जखम बघितली आणि तिचा चेहरा उतरला. मला बाहेर पायरीवर बसवून म्हणाली, "वहिनी, तुझी चूक नाही. पण हे खोल गेलं तर आटोक्यात यायचं नाही. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येते आणि आईला घेऊन जाते. माझ्याकडे वीज जात नाही."

तिचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मला आई जायला नको होत्या. हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेवीस वर्षं आम्ही दोघी भांडतोय. कामावरून घरी आल्यावर भांडायला कुणी नसेल, तर त्या घरात मी करायचं काय?

"महिन्याभरात पंप बंद पडायचा थांबला, तर?" मी विचारलं.

"तर नेणार नाही," ती म्हणाली. "पण कसा थांबेल?"

मी मोटर वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करते. जळलेल्या मोटारी सोडवायच्या आणि नव्या तारेनं पुन्हा भरायच्या, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. मोटरला वीज दिली की ती फिरते, आणि तिच्यासारखंच यंत्र बाहेरून फिरवलं की ते वीज देतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि फिरवायला वारा होता की! आमच्या टेकाडावर वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या अंगणातून गोळा करून आणावे लागतात. पंपाला वीज लागते ती एखाद्या लहान दिव्याएवढी. वाऱ्यानं इन्व्हर्टरची ती बॅटरी भरत राहिली की झालं.

भंगारातून ट्रकच्या ब्रेकच्या दोन लोखंडी चकत्या आणल्या. त्यांवर चुंबकं बसवली. माझा नवरा पोस्टमन. दिवसभर पायपीट करून आल्यावर तो अंगणात बसून लाकडाची तीन पाती रंध्यानं तासायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बायको पंखा करतेय. बाकीच्यांचे पंखे वीज खातात, आमचा देणार." उरलं मुख्य काम. दोन चकत्यांच्या मध्ये बसायच्या तांब्याच्या तारेच्या नऊ कॉइली. प्रत्येकीत ऐंशी वेढे. एक कमी नाही, एक जास्त नाही.

वर्कशॉपमध्ये वेढे मोजायला यंत्र असतं. घरी लाकडी साचा, त्याला हातानं फिरवायचा दांडा, आणि मोजायला मी. पहिल्याच कॉइलीला त्रेचाळीसवर असताना नवऱ्यानं विचारलं, "टॉवेल कुठेय?" सगळं मुसळ केरात. पुन्हा सुरुवात केली, तर दूधवाला आला.

खाटेवरून आवाज आला, "अगं, अशी मोजतात का? आण इकडे."

मी साचा त्यांच्या खाटेला क्लॅम्पनं आवळला. त्या उजव्या हातानं दांडा फिरवायला लागल्या, मी तार ताणून एकाशेजारी एक बसवत राहिले. आणि त्या मोजत नव्हत्याच. त्या पाढे म्हणत होत्या. बे एके बे, एक वेढा. बे दुणे चार, दुसरा. एका पाढ्याचे दहा वेढे. बेपासून नवापर्यंत आठ पाढे, झाले ऐंशी. मध्ये कुणी टॉवेल मागितला तरी कुठल्या पाढ्यात कुठे होतो ते विसरायचं कामच नाही. मी थक्क झाले, पण तोंडावर दाखवलं नाही. त्या लगेच डोक्यावर बसतात.

रोज संध्याकाळी एक कॉइल, असा आमचा नेम झाला. इतकं सलग मी त्यांच्याजवळ तेवीस वर्षांत कधी बसले नव्हते. त्या मध्येच थांबून कुठल्यातरी जुन्या विद्यार्थ्याचा किस्सा सांगायच्या, मग "कुठे होतो? पाच चोक वीस," म्हणून पुढे चालू. पंप शेजारी घरघरत असायचा, नाहीतर वीज गेल्यामुळे गप्प असायचा.

नववी कॉइल झाली त्या दिवशी नणंद यायला सहा दिवस उरले होते. सगळ्या कॉइली एकत्र मांडून त्यांवर रेझिन ओतायचं होतं. एकदा ते घट्ट झालं की आतलं काही बदलता येत नाही. आमच्या वर्कशॉपची शिस्त आहे, ओतण्याआधी वजन करायचं. मी स्वयंपाकघरातला काटा घेतला. पहिल्या सहा कॉइली एकशे साठ ग्रॅमच्या, एखादा ग्रॅम इकडे तिकडे. सातवी एकशे चाळीस. आठवी एकशे चाळीस. नववीही तेवढीच.

अशा कॉइलींनी चाक थरथरलं असतं आणि बॅटरी कधीच नीट भरली नसती. पण भीती त्याची नव्हती. आईंचं डोकं जायला लागलं की काय, याची होती. दिवसभर काम करून आलेली मी, पाढ्यांकडे कान न देता निम्म्या झोपेत तार बसवत होते. नाहीतर माझ्या बोटांनाच कळायला हवं होतं.

नवऱ्याला सांगितलं नाही. चहा देताना सहज विचारल्यासारखं आईंना विचारलं, "आई, साताचा पाढा कसा हो? माझा नेहमी अडतो."

त्यांनी श्वास न घेता म्हणून दाखवला. सात दाहे सत्तरपर्यंत, ठणठणीत. मग इतर सगळेही.

तेव्हा मला उमगलं. चूक झाली असती तर प्रत्येक वेळी वेगळी झाली असती. एका वेढ्याचे दोन ग्रॅम, म्हणजे तिन्ही कॉइलींत बरोबर दहाच वेढे कमी. तिन्ही वेळा एक अख्खा पाढा गाळलेला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. "मुद्दाम केलंत?"

त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"आई, मी विचारतेय."

"साताचा गाळला," त्या म्हणाल्या. "वजन करशील असं वाटलं नव्हतं."

"पण का? मी रक्त आटवतेय इथे—"

"तेच बघवत नाही!" त्याही चिडल्या. "सदऱ्याच्या आत कंबरेला पट्टा बांधून कामाला जातेस. मला दिसत नाही? मला उचलताना दात आवळतेस. विचारलं की म्हणतेस, काही नाही हो, मी ठणठणीत आहे. तुझं हे यंत्र चाललं की मी इथेच राहणार आणि तू मोडणार. धाकटीकडे उचलायला कामाच्या बायका आहेत. मी गेले की तू मोकळी होशील."

"मला मोकळं व्हायचंय, असं मी कधी म्हटलं?"

"म्हणणार नाहीस. म्हणून तर गाळला."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तिन्ही कॉइली त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "ह्या पुन्हा करायच्यात."

त्यांनी दांड्याला हात घातला. "फिरवते. पण जायचं की राहायचं, ते मी ठरवणार."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही त्या तिन्ही केल्या. या वेळी मी एकेक पाढा कान देऊन ऐकला. रेझिन ओतलं, वाळवलं, आणि नणंद यायच्या दोन दिवस आधी लोखंडी पाइपावर यंत्र उभं करून तीन बाजूंनी तारांनी ताणलं. चाक फिरलं, अजिबात न थरथरता. नवरा मान वर करून इतका वेळ बघत राहिला की त्याची मान आखडली.

नणंद आली ती गाडी घेऊनच. सकाळी अकराला नेहमीसारखी वीज गेली. ती पंपाजवळ जाऊन बसली. पंप घरघरत राहिला. बारा वाजले, एक वाजला. वारा मध्ये पडलाही, पण दोन दिवसांत बॅटरी गच्च भरली होती. चार वाजता तिनं गादीखाली हात घालून पाहिला, मग आईंची जखम पाहिली. कडा सुकायला लागल्या होत्या.

"विजेचं मान्य," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण तुझं काय, वहिनी? खरं सांग, झेपतं का तुला?"

'काही नाही गं' अगदी ओठांवर होतं. पण आई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही झेपत," मी म्हणाले. "सकाळचं उचलणं तर अजिबात नाही. कंबरेतून अशी कळ येते की डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी ह्यांनी उचलायचं. महिन्यातून दोन रविवार तू यायचंस. एवढं झालं तर झेपेल. आणि आईंना मी पाठवणार नाही."

"मी कधीपासून म्हणतोय, मला सांग म्हणून," दारातून नवरा म्हणाला.

"कधी म्हणालात?"

"मनात."

नणंद हसली, मग डोळे पुसत आईंच्या उशाशी बसली. "दोन रविवार नक्की येईन. आई, तू बोल. येतेस की राहतेस?"

आईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या इतक्या दिवसांच्या 'ठणठणीत'वर त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता. ह्या 'नाही'वर बसला.

"राहते," त्या म्हणाल्या.

मी सवयीनं उठून त्यांची कूस बदलायला वाकले. त्यांनी उजव्या हातानं माझा खांदा मागे लोटला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "त्याला बोलाव."